बाँग-योला उचलायचं कुणी?

तैवानच्या दक्षिणेतल्या आमच्या मादौ गावात कुणी गेलं की आधी डॉक्टरचा दाखला, मग पुरोहित आणि मग बाँग-यो, हा क्रम ठरलेला होता. काही घाईची घरं दाखल्याच्याही आधी बाँग-योला फोन करायची. मग फोनमध्ये मागून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू यायचा आणि बाँग-यो म्हणायची, "अहो, खोकतायत ते. पेज पाजा त्यांना. मी कुठे पळून जात नाही."

तिचं काम रडण्याचं. आई किंवा बाप गेल्याची बातमी आली की सासरी असलेल्या लेकीने रस्त्याच्या तोंडापासून गुडघ्यांवर रांगत, रडत माहेरच्या दारात यायचं, ही आमची जुनी रीत. पण लेकी आता तैपेईच्या ऑफिसांत. त्यांना गुडघ्यांची काळजी, मोज्यांची काळजी आणि चारचौघांत रडायची लाज. मग त्यांच्या वतीने बाँग-यो यायची. अंगात पांढरा झगा, डोक्यावर गोणपाटाची टोपी, हातात माइक, आणि मागून हळूहळू येणाऱ्या व्हॅनमध्ये ऑर्गन वाजवणारा तिचा नवरा थिएन-फू. रडणावळ आधी ठरायची, पण ठरली म्हणून ती कधी हात राखून रडली नाही.

या कामात एक नियम मात्र फार कडक. रांगत आलेली लेक शवपेटीपाशी पोचली की तशीच गुडघ्यांवर थांबते. घरातल्या कुणीतरी पुढे होऊन तिला कोपराला धरून उचलायचं, मगच तिने उठायचं. आपणहून उठली तर आणलेलं दुःख दारातच सांडतं आणि घराला चिकटून राहतं. आणि उचलणारं माणूस घरचंच हवं. रडायला आलेल्या पार्टीतल्या माणसाने हात लावायचा नाही, तो अपशकुन. त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांनी बाँग-योला कधी ना कधी उचललं होतं, आणि थिएन-फूने एकदाही नाही.

बाँग-यो या नावाचा अर्थ 'झालीच आहे तर वाढवू'. ती चौथी मुलगी. बापाने दारात उभ्या उभ्या नाव ठेवलं आणि शेतावर निघून गेला. थोडी वाढवून झाल्यावर तिला गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळीत देऊन टाकली. तिथे टाकलेल्या बायका, हरवलेल्या लेकी, खोटा आळ आलेल्या सुना असं सगळं रडकं तिच्या वाट्याला आलं. पुढे घरोघरी टीव्ही आले, मंडळी बसली, भरजरी कपडे विकले गेले आणि बाँग-योकडे फक्त रडणं उरलं. त्याच मंडळीत थिएन-फू ऑर्गनवर होता. त्याने जुनी व्हॅन घेतली आणि तिला म्हणाला, "तुझं रडणं कोणत्या पट्टीत येतं ते मलाच कळतं." याहून गोड तो पुढे कधी बोलला नाही, पण तेवढ्यावर लग्न झालं आणि चांगलं चाललं. मूल तेवढं झालं नाही. गावातल्या सगळ्या मेलेल्यांची ती लेक झाली, तिची मात्र कुणी नव्हती.

तिचं खरं कसब गळ्यात नव्हतं. आदल्या दिवशी ती त्या घरच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची. म्हातारी काय खायची, कुणावर ओरडायची, पैसे कुठे लपवायची, हे सगळं काढून घ्यायची आणि रडताना त्यातलं एकेक काढायची. आणि ती एक माणूस शोधायची. "प्रत्येक घरात एकाचं रडू घशात अडकलेलं असतं," ती थिएन-फूला सांगायची. "बहुतेक करून ते सगळ्यांना चहा देत हिंडत असतं." दुसऱ्या दिवशी रांगताना ती बरोबर त्या माणसाच्या दिशेने वळायची, त्याचंच ऐकलेलं काहीतरी त्याच्या पायाशी ठेवायची आणि ते माणूस चहाचा ट्रेसकट खाली बसायचं. काम झाल्यावर ती त्याचा हात धरून बसून राहायची. बाहेर थिएन-फू हॉर्न वाजवून वाजवून कंटाळायचा, कारण दुसऱ्या गावात दुसरं मयत वाट बघत असायचं.

ही बाई बदलली तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती.

सुरुवात शेतकरी संघाच्या जुन्या अध्यक्षांच्या अंत्यविधीला झाली. ऐन रडण्यात बाँग-यो नैवेद्याच्या ताटापाशी थांबली, कोंबडीचा एक पाय उपटला, नीट चावून खाल्ला, हाड पुरोहिताच्या हातात दिलं आणि जिथे सोडलं होतं तिथूनच सूर उचलला. थिएन-फूने तेवढा वेळ ऑर्गनवर मधला तुकडा फिरवत ठेवला. लोकांना वाटलं, ही काहीतरी वरच्या दर्जाची पद्धत असणार. पुढच्या आठवड्यात एका घराने विचारलं, "ते पाय खायचं आमच्याकडेही करणार ना? का त्याचे वेगळे पडतात?"

मग तोंड सुटलं. एका विधवेला ती म्हणाली, "बरं झालं. आता पलंग ऐसपैस झाला तुला." एका पोराला म्हणाली, "बापापेक्षा तूच जास्त मेल्यासारखा दिसतोस." स्वयंपाकघरात बसून विचारपूस करणं बंद झालं. ती बसायची ती शेंगदाण्याची चिक्की खायला. थिएन-फूला आजवर 'अहो' म्हणणारी बायको आता 'ए' म्हणू लागली. रडायची मात्र अजून पहिल्यासारखीच, अगदी सुरात. अडकलेलं माणूस तेवढं शोधत नव्हती. सरळ पेटीपाशी जायची, उचललं की उठायची आणि जेवण कुठे आहे ते विचारायची.

आणि मग थिएन-फूला मुतखडा झाला. न्हाणीघराच्या उंबऱ्यात तो पोट धरून लोळत होता. बाँग-यो हातात गोड चहा घेऊन आली, चहा सांडू नये म्हणून जपून पाय उचलत त्याला ओलांडून गेली आणि पलीकडून म्हणाली, "तू इथेच झोपणार असशील तर रिमोट कुठे ठेवलायस ते सांग."

खडा दोन दिवसांनी पडून गेला. ते ओलांडणं काही गेलं नाही.

थिएन-फूची थोरली बहीण आ-ग्योक शेजारच्याच घरात राहायची. तिला सगळ्यातलं सगळं कळायचं. ती म्हणाली, "आजार बिजार काही नाही. तुझ्यावरचं मन उडालंय तिचं. एवढी वर्षं दुसऱ्यांसाठी रडून रडून संपली ती, घरच्यासाठी काय राहणार? मी लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं."

"तू लग्नाच्या वेळी ती बुटकी आहे म्हणाली होतीस, ताई."

"तेही खरंच आहे."

दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर बाँग-योला आजार होता, नाहीतर तिला नवरा नकोसा झाला होता. थिएन-फू रात्रंदिवस मनातल्या मनात या दोन्ही गोष्टी तोलून बघायचा, आणि पारडं दरवेळी एकाच बाजूला झुकायचं. तिला आजार निघावा असं त्याला वाटत होतं. स्वतःच्या बायकोला मोठा आजार निघावा अशी इच्छा करणारा माणूस किती नालायक, हेही त्याला कळत होतं. पण ती आजारी असेल तर ती त्याचीच बाँग-यो होती. नसेल तर तो एका परक्या बाईला रोज चिक्की आणून देत होता.

ताइनानच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर येन नावाचे शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पन्नाशीतच सुरू होणारा एक प्रकार असतो. त्यात विसरणं मागून येतं, आधी स्वभाव बदलतो. मेंदूचा फोटो काढूच. पण दुसऱ्याच्या मनातलं त्यांना ओळखता येतं का, दुसऱ्याचं दुःख त्यांना लागतं का, याची एक परीक्षा घ्यावी लागेल."

"दुःख लागतं का? बाँग-योला?" आ-ग्योकला हसू आवरेना. "उद्या मला विचारतील, भात शिजवता येतो का म्हणून."

पण परीक्षा हा शब्द एकदा घरात आला आणि घोटाळा सुरू झाला. आमच्याकडे परीक्षा म्हटली की लहानथोर सगळे कामाला लागतात, मग परीक्षा कसलीही असो. शेजारणीने डोकं तल्लख व्हावं म्हणून माशाच्या डोक्याचं सूप आणून दिलं. खाटकाने दोन टोकदार पेन्सिली दिल्या. आ-ग्योक रोज संध्याकाळी टीव्हीवरची मालिका लावून बाँग-योची तयारी करून घेऊ लागली. ही सासू रागावली आहे का घाबरली आहे? हा मुलगा लाजतोय का चोरी करून आलाय? पूर्ण मार्क पडले की भावाच्या डोक्यातलं आजाराचं खूळ जाईल, असा तिचा हिशेब. बाँग-यो उत्तरं द्यायची आणि प्रत्येक उत्तराला एक चिक्की घ्यायची.

आदल्या दिवशी आ-ग्योक परीक्षेच्या देवाला गेली आणि भावजय पहिल्या नंबराने पास होऊ दे म्हणून कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर करून पडल्या, म्हणजे देव नुसता हसला. संध्याकाळी थिएन-फू त्याच देवळात गेला. आजूबाजूला आठवी-नववीची मुलं पुस्तकं कपाळाला लावून उभी होती. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "देवा, माझी बायको नापास होऊ दे," आणि चंद्रकोरी टाकल्या. देव पुन्हा हसला. थिएन-फूने पुन्हा टाकून बघितल्या नाहीत. देवाच्या थट्टेलाही काही मर्यादा असायला हवी असं त्याला वाटलं आणि तो रागावून घरी आला.

परीक्षा घेणारी लियाओ बाई तैपेईची होती. वय सत्तावीस-अठ्ठावीस, अंगात पांढरा कोट, आवाज गोड. तिने थिएन-फूला भिंतीशी खुर्ची दिली आणि बाँग-योपुढे चेहऱ्यांचे फोटो मांडले. फोटोतले सगळे गोरे परदेशी होते.

"काकू, या माणसाला काय वाटतंय?"

"याला मी ओळखत नाही."

"नुसतं चेहऱ्यावरून सांगा."

बाँग-योने फोटो हातात घेतला. "रडतोय. पण खरा नाही. नाक कोरडं आहे. वाटणीत याला जमीन मिळालेली दिसते."

लियाओ बाईने 'दुःख'पुढे खूण केली.

"आणि या बाईला?"

"घाबरलीय. सासू मेली म्हणून सगळ्यांना फोन केले आणि सासू उठून बसली."

'भीती'पुढे खूण झाली. राग, किळस, आश्चर्य, सगळ्यांपुढे खुणा झाल्या. आयुष्यभर रडक्या घरांतून हिंडलेल्या बाईपुढे ते गोरे चेहरे म्हणजे पहिलीचं पुस्तक. भिंतीशी बसलेल्या थिएन-फूचा जीव एकेका बरोबर उत्तराबरोबर खाली खाली चालला. ती पास होत होती. ती धडधाकट होती, सगळं तिला कळत होतं, आणि कळत असूनही ती त्याला ओलांडून गेली होती.

मग लियाओ बाईने एक गोष्ट वाचून दाखवली. नव्या सुनेने पाहुण्यांसाठी सूप केलं. मावससासूला ते कुणी केलंय हे ठाऊक नव्हतं. ती चाखून म्हणाली, "हे ज्याने केलंय त्याच्या हातातून मिठाचं भांडं काढून घ्या."

"या गोष्टीत कुणी बोलू नये असं काही बोललं का?"

"नाही," बाँग-यो म्हणाली. "खारट असेल तर सांगायला नको?"

लियाओ बाईची पेन्सिल उत्सुकतेने पुढे सरकली. तेवढ्यात थिएन-फूच्या तोंडून निघून गेलं, "खरं आहे. सांगायलाच हवं. नाहीतर ती रोज तसंच करेल."

लियाओ बाई थांबली. केर काढायला आलेल्या मावशींना तिने सहज विचारलं. मावशी झाडू टेकून म्हणाल्या, "माझी मावससासू असती तर सूप बेसिनमध्ये ओतून मग बोलली असती. ही बरीच सभ्य आहे." लियाओ बाईने त्या गोष्टीवर काट मारली. या परीक्षेत अख्खं मादौ नापास झालं असतं.

शेवटचा भाग छापील नव्हता. परीक्षा घेणाऱ्याने स्वतःला लागल्याचं सोंग करायचं आणि समोरचा काय करतो ते बघायचं. लियाओ बाईने टेबलाचा खण जोरात लावला, बोट सापडल्यासारखं केलं, तोंड झाकलं आणि मान खाली घालून कण्हत बसली. सोंग बऱ्यापैकी वठलं होतं. थिएन-फू अर्धा उठलासुद्धा.

बाँग-योने तिच्याकडे बघितलं. पांढरे कपडे, खाली घातलेली मान, झाकलेलं तोंड. मग ती शांतपणे उठली, बोटाकडे ढुंकूनही न बघता दार उघडून बाहेर निघून गेली.

लियाओ बाईने मान वर केली आणि कागदावर शून्य लिहिलं. थिएन-फूला ते उलटं दिसलं, पण शून्य कसंही धरलं तरी शून्यच. त्याला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली.

आणि कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाकडून, लिफ्टच्या बाजूने, माइकशिवायही छताला भिडणारा तो आवाज आला.

"आई गं, तुझी लेक आली गं! रस्ता लांब, तुझी लेक उशिरा आली गं!"

थिएन-फूने डोक्याला हात लावला. ती पळून गेली नव्हती. पांढऱ्या कपड्यात मान खाली घालून कण्हणारं माणूस दिसलं, इथे मयत आहे, काम आहे असं तिला वाटलं, आणि रडत यायचं ते रस्त्यापासून, म्हणून ती रस्ता गाठायला गेली होती.

कॉरिडॉरमध्ये तपासणीसाठी बसलेली पन्नासेक माणसं असतील. चाकाच्या खुर्चीतल्या एका आजोबांनी टोपी काढली आणि शेजाऱ्याला विचारलं, "कोण गेलं?" शेजारी म्हणाला, "मोठं माणूस दिसतंय. रडणारी मादौची आणलीय." पहारेकरी दक्षिणेकडचाच होता. त्याने सवयीने गर्दी बाजूला करून मधे वाट केली आणि ओरडला, "वाघाच्या वर्षी जन्मलेले, पाठ फिरवा!" पेटी हलताना ज्यांचं जन्मवर्ष मयताशी जुळत नाही त्यांनी तिकडे बघायचं नसतं. मयत कोण, कुठल्या वर्षाचं, हे त्याला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. पण रांगेतले दहाबारा जण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गडबड ऐकून डॉक्टर येन खोलीबाहेर आले, "काय चाललंय हे?" म्हणाले, आणि काही कळायच्या आत तेही भिंतीकडे वळले. वाघाच्या वर्षाचे निघाले.

बाँग-यो फरशीवरून रांगत आली, दारातून आत आली आणि लियाओ बाईच्या पायाशी येऊन थांबली. कपाळ जमिनीला टेकलं, एक लांब हुंदका दिला आणि गप्प झाली.

"काकू, उठा ना," लियाओ बाई घाबरून म्हणाली. "मला काही लागलेलं नाही."

बाँग-यो उठली नाही. थोडा वेळ वाट बघून तिने दुसरं कडवं सुरू केलं. बाहेर कुणीतरी नाक शिंकरलं.

"काका, उठवा ना त्यांना."

"मी नाही उचलू शकत," थिएन-फू म्हणाला. "मी पार्टीतला. घरच्या माणसाने उचलायचं असतं."

"पण इथे कुणाचं घर?"

"तिच्या मते तुमचं. कोपराला धरा आणि उचला. तुमच्या घरचं कुणीतरी गेलंय असं समजा."

"कोण?"

"कुणीही. कुणीतरी गेलं असेलच की."

तैपेईची पोरगी, तिने असलं काही जन्मात केलं नव्हतं. ती वाकली आणि बाँग-योच्या कोपराला धरलं. बाँग-यो उठली, पण लियाओ बाई वाकलेलीच राहिली. मग ती खाली फरशीवरच बसली आणि रडायला लागली. तिची आजी दोन वर्षांपूर्वी गेली होती. ऐन पदवी परीक्षेत नको म्हणून घरच्यांनी तिला सगळं उरकल्यावर कळवलं होतं. हे तिने हुंदक्यांमध्ये तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. ती आजीला हाका मारत होती आणि तिच्या कोटावर टिपं पडत होती.

आता थिएन-फूने बायकोकडे बघितलं. हे अडकलेलं माणूस होतं. चहा न देणारं, पण अगदी तेच. पूर्वीची बाँग-यो आता तिथेच बसली असती. त्या पोरीचा हात मांडीवर घेऊन आजी काय खायची ते विचारत बसली असती, आणि त्याला खाली जाऊन हॉर्न वाजवावा लागला असता. तो वाट बघत राहिला. त्याला खरंच वाटलं की ती बसेल.

बाँग-योने गुडघे झटकले. खिडकीत लियाओ बाईचा डबा होता. तिने तो उघडला, त्यातला कोंबडीचा पाय उचलला आणि रडणाऱ्या पोरीसमोर उभी राहून खाऊ लागली. मधेच म्हणाली, "काजळ उतरलंय तुझं. भुतासारखी दिसतेस. हे अंडं नको असेल तर दे."

डॉक्टर येन भिंतीकडून वळून दारात येऊन उभे होते. थिएन-फू त्यांना म्हणाला, "डॉक्टर, ती अशी नव्हती हो. ती आत्ता या पोरीजवळ बसली असती. मला हॉर्न वाजवायला लावला असता तिने." त्याला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते घेऊन काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

संध्याकाळी मेंदूचे फोटो आले. पुढचा भाग सुकत चालला होता. डॉक्टर येन म्हणाले, "आजार आहे. मनात काही नाही त्यांच्या. रडणं सवयीचं आहे, ते बराच काळ टिकेल. समोरच्याचं आपल्याला लागणं, ते जातंय. त्या मुद्दाम काही करत नाहीत, एवढं लक्षात ठेवा." थिएन-फूने मान डोलावली. बाँग-योने टेबलावरच्या गोळ्यांच्या बरणीत हात घातला. त्या लिंबाच्या गोळ्या होत्या, म्हणून बरं.

घरी पोचले तेव्हा आ-ग्योक हॉस्पिटलातलं अशुभ धुवायला पपनसाची पानं घातलेली पाण्याची बादली घेऊन फाटकात उभी होती. "किती मार्क?"

"आजारी आहे ती, ताई. मेंदूचा आजार. बरा होणारा नाही."

आ-ग्योकने पानाने दोघांच्या अंगावर पाणी शिंपडलं. दुसऱ्यांदा शिंपडताना तिचा हात थांबला. "मी तिला फार वाईट बोलले रे," ती म्हणाली, आणि मासा चुलीवर ठेवायला आत निघून गेली.

"पपनस सोलून दे," बाँग-यो म्हणाली.

थिएन-फू अंगणातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला आणि सोलू लागला. पहिली फोड त्याने तिला दिली. दुसरी सोलता सोलता त्याला रडू फुटलं. फार वाईट रडत होता तो. ना सूर, ना ताल. इतकी वर्षं रडण्याला साथ केलेल्या माणसाचं स्वतःचं रडणं उचक्या लागल्यासारखं येत होतं.

बाँग-यो फोड चघळत बघत राहिली. "पट्टी चुकतेय तुझी," ती म्हणाली. "श्वास पोटातून घे."

त्याला काही श्वास पोटातून घेता येईना. तेव्हा तिने हातातली अर्धी फोड भिंतीवर ठेवली. गेल्या दोन वर्षांत तिने हातातलं खाणं असं खाली ठेवलेलं त्याने बघितलं नव्हतं. ती फाटकाबाहेर गेली, रस्त्याच्या तोंडापर्यंत गेली, आणि तिथून आवाज आला.

शब्द नेहमीचे होते. रस्ता लांब, लेक उशिरा आली. रांगत ती फाटकातून आत आली आणि शब्द बदलले. "उंबऱ्यात पडला होतास रे, पोट धरून पडला होतास. पाणी कुणी दिलं नाही रे, ओलांडून गेले तुला. रोज चिक्की आणलीस रे, एक दिवस चुकला नाहीस."

स्वयंपाकघरात बसून तिने हे कुणाला विचारलं नव्हतं. सगळं तिच्याकडे होतं. कुठे होतं, आणि ते तिला लागत होतं की नुसतं गळ्यातून येत होतं, हे त्या फोटोंत दिसलं नव्हतं आणि थिएन-फूलाही कधी कळणार नव्हतं. तो स्टुलावरून घसरून खाली बसला आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा मोकळं, पोटातून रडला.

बाँग-यो त्याच्या गुडघ्यांपाशी येऊन थांबली. कपाळ टेकलं, लांब हुंदका दिला आणि गप्प झाली.

स्वयंपाकघराच्या दारातून आ-ग्योक म्हणाली, "अरे, उचल तिला. किती वेळ गुडघ्यांवर ठेवशील?"

"मी पार्टीतला, ताई."

"आज नाहीस," आ-ग्योक म्हणाली. "आज घर तुझं आहे."

थिएन-फूने हात पुसले. मग दोन्ही हातांनी बाँग-योच्या कोपराला धरलं आणि तिला उचललं. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा हलकी होती.

तिने गुडघे झटकले आणि भिंतीवरची अर्धी फोड घेतली. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

"जेवायला काय आहे?"

"मासा."

"काटे काढून दे," ती म्हणाली, आणि तो म्हणाला, देतो.